सहज जोडता येणारा ऑटोमॅटिक कॅट लिटर बॉक्स: पेटंटचा एफईआर हातात पडल्यावर काय करायचं

"लिटर बॉक्सवर पेटंट टाकलं होतं, एक्झामिनरने सगळेच क्लेम उडवलेत, आता काय करू?" असा फोन आला (लिटर बॉक्स म्हणजे मांजराच्या शी-शूचा डबा, एक्झामिनर म्हणजे पेटंट ऑफिसातला तपासनीस) की मी आधी एकच विचारतो, क्लेम एकमध्ये, म्हणजे नेमका कशावर हक्क मागितलाय ते सांगणाऱ्या पहिल्या वाक्यात, 'सहज जोडता येणारा' असं लिहिलंय का? बहुतेक वेळा उत्तर हो असतं, आणि गाडी तिथेच अडलेली असते.

कारण 'सहज' हा काही पार्ट नाही. स्क्रू हा पार्ट आहे, खाच हा पार्ट आहे, खुंटी हा पार्ट आहे. सहज जोडलं जाणं हा झाला परिणाम, आणि पेटंट परिणामाला मिळत नाही, ज्या रचनेमुळे तो परिणाम येतो त्या रचनेला मिळतं. हे एवढं डोक्यात बसलं की एफईआरचं निम्मं उत्तर तयार झालं असं समजा. उरलेलं निम्मं जरा किचकट आहे, तेच इथे सांगतो.

एफईआर म्हणजे फर्स्ट एक्झामिनेशन रिपोर्ट, एक्झामिनरच्या आक्षेपांचा पहिला कागद. अर्ज टाकला म्हणजे तपासणी आपोआप सुरू होते असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाहीये, फॉर्म १८ वेगळा भरावा लागतो, आणि मार्च २०२४ च्या नवीन रुल्सनंतर त्याची मुदत ४८ महिन्यांवरून ३१ महिन्यांवर आलीये, प्रायॉरिटी डेटपासून, म्हणजे त्या शोधाचा पहिला अर्ज टाकल्याच्या तारखेपासून. ऑनलाइन भरलं तर एकट्या माणसाला किंवा स्टार्टअपला त्याचे ४००० रुपये पडतात, मोठ्या कंपनीला २००००. घाई असेल तर फॉर्म १८ए, तिथे स्टार्टअप आणि छोट्या उद्योगांना मुभा आहे, आणि अर्जदार सगळे व्यक्ती असतील नि त्यातली एक जरी बाई असेल तरी चालतं, फी ८०००. (म्हणून नुसतंच बायकोचं नाव घालायचं नसतं बरं का, अर्जदार म्हणून तिचा हक्क कुठून आला याचा कागद लागतो.) अर्ज मुंबईला टाकला तरी तपासणारा एक्झामिनर कोलकात्यात, दिल्लीत किंवा चेन्नईत बसलेला असू शकतो, कारण वाटप विषयानुसार होतं. त्यामुळे अँटॉप हिलच्या ऑफिसात ओळख काढून काही होत नाही, तो विचारच सोडा.

आता एक नमुना धरून चालू, म्हणजे हवेत गप्पा नकोत. समजा तुमचा डबा असा आहे. खाली तळ, त्यात मोटर आणि छोटा गिअर. तळावर रोलरवर फिरणारी एक दात्यांची कडी. त्या कडीत बसणारा ड्रम, त्यात मांजराची वाळू म्हणजे लिटर. तळाच्या चार पायांत चार लोड सेल, म्हणजे वजनकाट्यात असतात तेच. मांजर आत जातं, आपलं काम करतं, बाहेर येतं, काही मिनिटांनी ड्रम फिरतो, वाळू चाळणीतून खाली जाते, गोळे वर राहतात आणि खालच्या ड्रॉवरमध्ये पडतात, ड्रम उलटा फिरून जागेवर येतो. इथपर्यंत नवीन काहीच नाही, फिरणाऱ्या गोळ्याचे असले डबे अमेरिकेत २००० सालच्या आसपासपासून विकले जातायत आणि पुढेमागे फिरणाऱ्या दाताळ्याचे तर त्याच्याही आधीपासून.

तुमचं नवीन काय, तर जुन्या डब्यांत ड्रम धुवायला काढायचा असेल तर सहा-आठ स्क्रू काढा, वायर सोडवा, म्हणून लोक धुवायचेच नाहीत आणि घरभर वास. तुम्ही ड्रमच्या मागे दोन खुंट्या दिल्या आणि कडीत एल आकाराच्या दोन खाचा. आपल्या जुन्या पिनवाल्या बल्बसारखं, आत ढकला, थोडं फिरवा, टक. आणि एका खुंटीत चुंबक, तळात त्याच्यासमोर हॉल सेन्सर, म्हणजे खुंटी पूर्ण फिरून बसली तरच सेन्सरला चुंबक दिसतं. ड्रमला एकही वायर नाही.

छान आहे. आता एफईआर उघडा.

पहिलं काम तारखांचं. एफईआर पाठवल्याच्या तारखेपासून उत्तराला ६ महिने, फॉर्म ४ भरून आणखी ३ महिने वाढवून मिळतात, मुदतीत उत्तर गेलं नाही तर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं, पेटंट कायद्याचं कलम २१. मेल स्पॅममध्ये गेला, एजंटने कळवलंच नाही, यातलं काहीही तिथे सांगून उपयोग नाही. माझ्या ओळखीच्या एकाचा चांगला भला अर्ज असाच गेला, त्याच्या एजंटचा आणि त्याचा मेल आयडीच वेगळा पडला होता. म्हणून आठवड्यातून एकदा पेटंट ऑफिसच्या साइटवर अर्ज नंबर टाकून स्टेटस बघायची सवय लावून घ्या, फुकट आहे. आणि परदेशातही अर्ज टाकला असेल तर एफईआर निघाल्यापासून ३ महिन्यांत नवीन फॉर्म ३ (त्या परदेशी अर्जांची माहिती) द्यायचा असतो, ही मुदत उत्तराच्या मुदतीच्या आधी संपते आणि हमखास विसरली जाते.

एफईआर वाचायचा कसा? वरचा सारांशाचा तक्ता बघून हाय खाऊ नका, तिथे नवीनता, इन्व्हेंटिव्ह स्टेप (म्हणजे त्या विषयातल्या माणसालाही सहज न सुचणारं असणं), क्लॅरिटी सगळ्यासमोर 'नाही' लिहिलेलं असणं अगदी नॉर्मल आहे. खरा माल दुसऱ्या भागात. तिथे डी१, डी२, डी३ अशी कागदपत्रं असतात, म्हणजे एक्झामिनरला सापडलेली आधीची पेटंटं. लिटर बॉक्समध्ये यातली निम्मीअधिक चिनी निघतात, आणि त्यातही नंबरच्या शेवटी 'यू' अक्षर असलेली, म्हणजे युटिलिटी मॉडेल. चीनमध्ये छोट्या सुधारणेला दहा वर्षांचं हे संरक्षण मिळतं आणि त्याची आपल्यासारखी पूर्ण तपासणी होत नाही, त्यामुळे तिथे त्यांचा नुसता पूर आलाय. आपल्याकडे युटिलिटी मॉडेल हा प्रकारच नाही. पण म्हणून 'ते तर तपासलेलंच नाहीये' असा मुद्दा उत्तरात मांडू नका, प्रायर आर्ट, म्हणजे आधीपासून जगाला माहीत असलेलं, म्हणून ते तपासलेलं आहे की नाही याला काडीची किंमत नाही, फक्त तुमच्या तारखेआधी ते प्रसिद्ध झालेलं होतं का एवढंच बघतात. ती तारीख मात्र प्रत्येक कागदाची स्वतः बघा. चिनी कागदावर दोन तारखा असतात, अर्जाची आणि प्रसिद्धीची, आपल्याला प्रसिद्धीची हवी.

मग ते डी१ प्रत्यक्ष वाचा, नुसता सारांश नाही. इथे मशीन ट्रान्सलेशनचा त्रास आहे. चिनी भाषेत लिटर बॉक्सला जो शब्द आहे त्याचं इंग्रजीत 'कॅट लिटर बेसिन' होतं, म्हणून स्वतः शोधतानाही 'बेसिन' टाकून बघा, 'बॉक्स' टाकून निम्मंच सापडतं. मधेच कुठे 'शी उचलणारा अधिकारी' असं काहीतरी आलं तर दचकू नका, चिनी मांजरवाले स्वतःलाच गमतीने तसं म्हणवतात. आणि सगळ्यात महत्त्वाचा शब्द म्हणजे 'फिक्स्डली कनेक्टेड'. चिनी अर्जात प्रत्येक दोन वाक्यांआड हा येतो, अमुक तमुकला फिक्स्डली कनेक्टेड आहे. कसा जोडलाय, स्क्रूने, चिकटवून, खाचेत, काही सांगत नाहीत. तुमच्यासाठी ही सोन्याची खाण आहे, कारण तुमचा सगळा शोधच 'कसा जोडलाय' यात आहे आणि डी१ त्यावर गप्प आहे.

आता एक कागद घ्या, आडवा. डाव्या रकान्यात क्लेम एकचे तुकडे, एकेका ओळीत एकेक भाग: तळ, मोटर, कडी, ड्रम, खुंट्या, खाचा, चुंबक, सेन्सर, कंट्रोलर (मोटर चालवणारं सर्किट) काय करतो ते. पुढे डी१, डी२, डी३ चे रकाने आणि प्रत्येकात तो भाग आहे की नाही आणि असेल तर कुठल्या परिच्छेदात किंवा आकृतीत कुठल्या नंबरला. प्रामाणिकपणे भरा, हा तक्ता तुमच्यासाठी आहे, एक्झामिनरसाठी नाही. आपल्या नमुन्यात समजा असं निघालं की डी१ मध्ये फिरणारा ड्रम, मोटर, लोड सेल सगळं आहे पण जोडणी स्क्रूची. डी२ मध्ये क्लिपने निघणारा ड्रम आहे पण हाताने फिरवायचा. डी३ हा भलताच कुठलातरी कचऱ्याचा डबा, त्याचं झाकण खुंटी-खाचेचं.

म्हणजे नवीनतेचा मुद्दा बचावला, एकाच कागदात सगळं नाहीये. पण एक्झामिनर म्हणतोय डी१ मध्ये डी२ ची कल्पना आणि डी३ ची खाच घातली की तुमचा डबा तयार, यात डोकं कुठे लागलं? आणि खाली कलम ३(एफ) पण लावलंय, माहीत असलेल्या वस्तूंची नुसती मांडामांड, ज्यात प्रत्येक वस्तू आपापलं जुनंच काम सुटं सुटं करते.

खरी लढाई ही आहे, बाकीचं सगळं कारकुनी.

इथे बहुतेक लोक काय उत्तर देतात? 'आमचा डबा वापरायला सोपा आहे, वेळ वाचतो, धुवायला बरा पडतो.' एक्झामिनर हे वाचून मान डोलावतो आणि आक्षेप कायम ठेवतो. त्याचं चूकही नाही. खुंटी-खाचेने कुठलीही गोष्ट जोडली की ती सहज जोडली जाणारच, त्यात मांजराचा संबंध काय? सुप्रीम कोर्टाची डिसेंबर १९७८ ची बिश्वनाथ प्रसाद विरुद्ध हिंदुस्तान मेटलची केस आजही प्रत्येक हिअरिंगमध्ये निघते, ती होती भांडी लेथवर घट्ट धरून ठेवायच्या साधनाची, अगदी वर्कशॉपमधली वस्तू. कोर्टाने ते पेटंट टिकवलं नाही. सांगितलं ते थोडक्यात असं की जुने भाग एकत्र आणायला हरकत नाही, पण ते एकमेकांत गुंतून काम करून काही नवीन किंवा सुधारलेला परिणाम देत असले पाहिजेत, नुसते शेजारी शेजारी ठेवून भागत नाही, आणि कारखान्यातला कुशल कारागीर करेल तेवढ्याच सुधारणेला पेटंट नाही.

तर प्रश्न असा विचारायचा: तुमचा जोड आणि तुमचं ऑटोमॅटिक एकमेकांशी बोलतात का?

'हो हो, बोलतात, ड्रम नीट बसला नसेल तर सेन्सरमुळे मोटर चालूच होत नाही!' असं तुम्ही म्हणाल. थांबा. तुमच्या स्वयंपाकघरात जा. मिक्सरचं भांडं नीट फिरवून बसवलं नाही तर बरेच मिक्सर चालूच होत नाहीत, त्याला इंटरलॉक म्हणतात आणि ते अनेक वर्षं आहे. एक्झामिनरच्या घरीही मिक्सर आहे. हा मुद्दा मी स्वतः एकदा फार जोरात मांडला होता आणि समोरून शांतपणे 'पण मिक्सर?' एवढंच आलं, तेव्हापासून उत्तर पाठवायच्या आधी घरातल्या चार मशीन्सकडे बघून घेतो.

मग मिक्सरच्या पुढे काय आहे ते शोधायचं. आपल्या नमुन्यात आहे ते वजनात. जरा आकडे बघा. ड्रममध्ये ४ किलो वाळू होती, कंट्रोलरने ते वजन शून्य धरलं होतं. तुम्ही ड्रम काढला, धुतला, परत बसवला आणि या वेळी पिशवीत उरलेली ३ किलोच वाळू ओतली. कंट्रोलरच्या डोक्यात अजून जुनंच शून्य आहे, म्हणजे त्याला आता वजन उणे १ किलो दिसतंय. तेवढ्यात ९०० ग्रॅमचं पिल्लू आत शिरलं. काट्यावर उणे १०० ग्रॅम. कंट्रोलरच्या मते आत कोणीच नाही. पुढे ड्रम फिरला तर काय, ते लिहायला नको. तसंही अशा मशीनवाल्या कंपन्या लहान पिल्लू असेल तर ऑटो बंद ठेवा असं सांगतातच, कारण थोडं वजन काट्याला नीट कळत नाही, आणि इथे तर काटाच चुकलेला.

आता तुमच्या डब्यात खुंटी शेवटपर्यंत बसल्याचा सिग्नल आला की कंट्रोलर मोटर लगेच सोडत नाही. आधी जुनं शून्य पुसतो, वजन स्थिर व्हायची वाट बघतो, वाळू ओतून झाली की ते नवीन शून्य धरतो, आणि मगच मोटरची लाइन देतो. म्हणजे ड्रम जोडणं हीच वजन नव्याने मोजायची सुरुवात आहे. मिक्सर हे करत नाही, त्याला काही तोलायचं नसतं. डी१ मध्ये लोड सेल आहेत पण स्क्रूचा ड्रम, तो कधी काढला-घातला हे मशीनला कळायचा मार्गच नाही. डी२ मध्ये ड्रम निघतो पण सेन्सरच नाहीत. डी३ चं झाकण तर बिचारं नुसतं झाकण. तिघांना एकत्र बसवलं तरी हे आपोआप निघत नाही, कारण 'जितका ड्रम सहज निघेल तितका काटा जास्त वेळा चुकेल' हा प्रॉब्लेम त्यातल्या कोणाला दिसलेलाच नाही. सहज जोडणीमुळे एक नवीन धोका तयार झाला आणि तो तुम्ही त्याच जोडणीतून सोडवला. उत्तराचा गाभा हा. यावर दीड-दोन पानं खर्च करा, बाकी सगळ्यावर मिळून एक.

त्याप्रमाणे क्लेम बदलायचा. आधीचा असा होता:

'सहज जोडता येणारा ऑटोमॅटिक कॅट लिटर बॉक्स, ज्यात तळ, ड्रम, मोटर, वजनाचे सेन्सर आणि ड्रॉवर असून सर्व भाग सहज जोडता व सुटे करता येतात.'

नंतरचा साधारण असा:

'कॅट लिटर बॉक्स, ज्यात मोटर व लोड सेल असलेला तळ, तळावर फिरणारी दात्यांची कडी आणि त्या कडीत बसणारा ड्रम आहे, आणि ज्याचं वैशिष्ट्य असं की ड्रमला किमान दोन खुंट्या व कडीला त्या घेणाऱ्या एल आकाराच्या खाचा आहेत, एका खुंटीत चुंबक आहे, तळात असा सेन्सर आहे की ज्याला खुंटी खाचेच्या टोकाला पोचल्यावरच चुंबक जाणवतं, आणि कंट्रोलर तो सिग्नल मिळाल्यावर आधीचं शून्य-वजन रद्द करतो, लोड सेलचं वाचन स्थिर झाल्यावर नवीन शून्य-वजन नोंदवतो आणि त्यानंतरच मोटरला वीज देतो.'

'सहज' शब्द गेला बघा, आणि क्लेम मजबूत झाला. 'वैशिष्ट्य असं की' च्या आधी जुनं, नंतर नवीन, ही मांडणी आपल्याकडच्या एक्झामिनरना आवडते. (हे मी इथे मराठीत लिहिलंय, प्रत्यक्ष अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीतच चालतो, मराठीत नाही.) पार्टांचे आकृतीतले नंबर क्लेममध्ये कंसात टाका. बदललेला क्लेम खाडाखोड दाखवणाऱ्या प्रतीसकट द्यायचा आणि सोबत एक स्वच्छ प्रत.

शब्द ढगळ ठेवायचा मोह मात्र टाळा. आपण ढगळ ठेवतो की उद्या कोणी नक्कल केली तर सगळं आत यावं. अमेरिकेत ऑटोमॅटिक लिटर बॉक्सच्याच एका पेटंटवरचं भांडण २०१० साली फेडरल सर्किट कोर्टात गेलं होतं, वाद होता 'आधी ठरवलेली घटना' या शब्दांचा, म्हणजे दाताळं कधी चालू होणार याचा. मांजर बाहेर पडलं हीच ती घटना, असा आधी अर्थ लावला होता, वरच्या कोर्टाने म्हटलं शब्द रुंद आहेत तर अर्थही रुंदच, आणि एवढा रुंद अर्थ घेतल्यावर जुनी प्रायर आर्ट आत आली आणि क्लेम पडला. रुंद दारातून चोरही येतो तो असा.

आता एक कडू गोष्ट. हा वजनाचा सगळा खेळ तुम्ही मूळ स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या शोधाच्या सविस्तर वर्णनात, लिहिलेला असला तरच वर सांगितलेलं जमतं. कलम ५९ प्रमाणे दुरुस्ती म्हणजे असलेलं कमी करणं, चूक सुधारणं किंवा खुलासा करणं, मुळात नव्हतं ते आत घुसवणं नाही. मूळ अर्जात 'सेन्सरने ड्रम बसल्याचं कळतं' एवढंच असेल तर शून्य-वजनाची गोष्ट आता आणता येणार नाही, कितीही खरी असली तरी. म्हणून ज्यांचा अर्ज अजून जायचाय त्यांनी हे दहा वेळा वाचा: डबा वीस-तीस वेळा काढून घाला, दर वेळी काटा किती चुकतो ते वहीत लिहा, ते आकडे स्पेसिफिकेशनमध्ये टाका, सुट्या पार्टांची आकृती म्हणजे सगळे पार्ट सुटे करून एका रेषेत मांडलेली, तीही टाका, आणि 'खुंट्या दोन किंवा तीन', 'चुंबकाऐवजी मायक्रोस्विच' असे पर्याय पण लिहून ठेवा. ३० पानांच्या पुढे एकट्या माणसाला पानामागे १६० रुपये पडतात, तेवढ्यासाठी कंजुषी करू नका. १० च्या पुढच्या प्रत्येक क्लेमला ३२० पडतात, तिथे केली तर चालेल.

आणि अर्जाच्या आधी इन्स्टाग्रामवर रील टाकू नका! एका मित्राने पुण्यात घरी बनवलेला डबा, मांजर आत-बाहेर करतंय, ड्रम टक करून बसतोय, सगळं इतकं स्पष्ट शूट केलं होतं की आकृतीचीही गरज नव्हती. सगळ्यांनी वाहवा केली, अर्ज मात्र चार महिन्यांनी टाकला, तोवर त्याचा स्वतःचा रीलच त्याच्या विरुद्धचा प्रायर आर्ट झाला होता. आपल्याकडे सवलत आहे ती सरकारने जाहीर केलेल्या प्रदर्शनासारख्या मोजक्या प्रसंगांना, स्वतःच्या रीलला नाही. तेवढी घाई असेल तर आधी प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता अर्ज टाका, १२ महिन्यांत कम्प्लीट म्हणजे पूर्ण वर्णन द्या, मग खुशाल नाचा.

उरलेले आक्षेप भराभर. कलम १०(४), पुरेसं वर्णन नाही. आपल्या नमुन्यात इथे एक खरा खड्डा आहे: ड्रम जागेवर यायला मोटर उलटी फिरते, मग उलट्या झटक्याने बल्बसारखं लॉक सुटणार नाही का? एक्झामिनर हुशार असेल तर हे विचारतोच. खाचेच्या टोकाला स्प्रिंगवर बसवलेली गोळी आहे, खुंटी तिच्यावरून गेली की मागे यायला मोटरच्या जोरापेक्षा जास्त जोर लागतो, असं वर्णनात असेल तर परिच्छेद नंबर दाखवून मोकळे व्हा. नसेल तर अवघड आहे.

कलम १०(५), एकाहून जास्त शोध. कारण तुम्ही क्लेम आठमध्ये वास घालवायची यूव्ही लाइट आणि क्लेम नऊमध्ये मोबाइल ॲप पण कोंबलंय. मुख्य क्लेमशी नातं नसेल तर काढा, फारच जीव असेल तर ग्रँटच्या म्हणजे पेटंट मंजूर व्हायच्या आधी डिव्हिजनल, म्हणजे त्यातूनच फोडलेला वेगळा अर्ज, टाका. ॲप आणि नोटिफिकेशनवाल्या क्लेमवर ३(के) पण लागतं, नुसता प्रोग्राम म्हणून, तेव्हा कंट्रोलर काय करतो हे कायम मोटर, सेन्सर, वजन यांच्याशी बांधूनच लिहा.

आर्थिक महत्त्व हा शब्द कायद्यात इन्व्हेंटिव्ह स्टेपच्या व्याख्येतच आहे, तो वापरा. सुटा करून चपटा पॅक होतो, कुरिअरवाले लांबी-रुंदी-उंची गुणून ५००० ने भागून वजन लावतात, तर डबा निम्म्या आकारात बसला की भाडंही त्या हिशेबात उतरतं. पण हे जोडीला, मुख्य मुद्दा म्हणून नाही, कारण फायदा असला तरी 'न सुचण्यासारखं' असण्याची अट सुटत नाहीच. डब्याचा दिसायचा आकार फार सुंदर असेल तर तो इथे घुसडू नका, त्यासाठी डिझाइन रजिस्ट्रेशन वेगळं, कोलकात्याला, १० अधिक ५ वर्षं.

उत्तर गेलं की बरेचदा हिअरिंगची नोटीस येते. व्हिडिओ कॉलवर असते, सूट वगैरे नको, पण डबा समोर ठेवा. कॅमेऱ्यासमोर ड्रम काढा, परत बसवा, टक ऐकू द्या, वाळू कमी ओता, काट्याचा आकडा आपोआप शून्यावर येताना दाखवा, आणि तेच वर्णनाच्या कुठल्या परिच्छेदात आहे तेही लगेच सांगा, कारण पेटंट ऑफिसचा कंट्रोलर (निकाल देणारा अधिकारी, डब्यातला कंट्रोलर नव्हे) निकाल कागदावर देणार, डब्यावर नाही. मांजराला मात्र शेजारच्या खोलीत ठेवा, माझा बोका एकदा भर हिअरिंगमध्ये कीबोर्डवर चढला होता.

तारीख जमत नसेल तर ती दोनदा पुढे ढकलता येते, दर वेळी जास्तीत जास्त ३० दिवस. हिअरिंग झाल्यापासून १५ दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं, त्यात कॉलवर कबूल केलेला प्रत्येक बदल असला पाहिजे, एक जरी राहिला तरी त्याच मुद्द्यावर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. फेटाळलाच, तर एक महिन्यात रिव्ह्यू म्हणजे फेरविचार मागता येतो किंवा तीन महिन्यांत अपील, मुंबई ऑफिसचा अर्ज असेल तर मुंबई हायकोर्टात, कारण त्यासाठी वेगळं असलेलं अपिलाचं बोर्ड २०२१ साली बंद झालं.